मीठ, मूळ, विष आणि बीपीची गोळी

बुलढाण्याची माणसं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही वाटणी. मीठ मात्र दोन्हीकडे आहे. घाटावर लोणारचं विवर. त्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार मागे ठेवतं. २०२० च्या जूनमध्ये हे सरोवर गुलाबी झालं, ते खारटपणातच सुखाने राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या अंगाला पूर्णेचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साधारण पावणेपाच हजार चौरस किलोमीटर पसरला आहे. या भागात बोअरला पाणी लागलं म्हणून लगेच पेढे वाटत नाहीत. आधी चाखून बघतात.

हाच मिठाचा हिशेब आपल्या प्रत्येकाच्या कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, रात्रंदिवस चालू असतो. आपली दोन मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात दीड किलोच्या आसपास मीठ असतं. वाण्याकडून आपण जो एक किलोचा पुडा आणतो आणि महिनाभर पुरवतो, त्याच्या दीडपट, आणि तेही रोज! त्यातलं जवळजवळ सगळं मीठ मूत्रपिंडं रक्तात परत ओढून घेतात. जेवढं खाल्लं तेवढंच, म्हणजे सात-आठ-दहा ग्रॅम, लघवीवाटे सोडतात. या हिशेबात अर्ध्या टक्क्याची चूक झाली तरी साडेसात ग्रॅम मीठ अंगात उरतं. मिठामागे पाणी येतं आणि पाण्यामागे दाब. एवढी काटेकोर पेढी कुठल्याही बँकेत नसेल. ती इतकी चिक्कू का, याचं उत्तर जुन्या काळात आहे. माणसाच्या बहुतेक इतिहासात मीठ दुर्मीळ होतं, त्यामुळे शरीर ते जपायला शिकलं. उधळायला शिकलंच नाही. पापड, लोणचं, ठेचा, कुरड्या आणि शेगावच्या स्टेशनावरची कचोरी या पेढीला कोणी कळवलेलीच नाही.

मग खारपाणपट्ट्यातलं पाणी पिऊन बीपी वाढतो का? अगदी रास्त शंका. बांगलादेशाच्या किनारपट्टीवर, खुलना भागात, याचा अभ्यास झाला. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत खारं पाणी पिणाऱ्या गर्भवतींमध्ये दाब वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पुढे २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या अभ्यासाने कोड्यात टाकलं. थोडं खारं पाणी पिणाऱ्यांचा दाब उलट किंचित कमीच निघाला. खाऱ्या पाण्यात नुसता सोडियम नसतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं, आणि ही दोघं दाब उतरवायला मदत करतात. तेव्हा पूर्णेकाठच्या माणसाचा बीपी सरसकट पाण्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ताटातलं मीठ मात्र निर्विवाद आरोपी आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते आणि आपण सहज त्याच्या दीडपट जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी २१ टक्के बाया आणि २४ टक्के पुरुष उच्च रक्तदाबाचे निघाले. दर चार-पाच माणसांत एक. आणि यातल्या कित्येकांना काहीच होत नसतं. आशाताईने आग्रह केला की हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “मले काईच होत नाही, मंग गोळी कायले खाऊ?” प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. दुखत नसलेल्या गोष्टीवर औषध घ्यायचं ही कल्पनाच माणसाच्या इतिहासात नवी आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टरही वाढलेल्या दाबाला हात लावावा की नाही यावर वाद घालत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या डॉक्टरांजवळ तेव्हा विश्रांती, कमी मीठ आणि झोपेची गोळी यापलीकडे फारसं काही नव्हतं.

गंमत अशी, की त्याच काळात भारतातल्या औषध दुकानात या रोगावर एक गोळी मिळत होती. ती होती सर्पगंधाची.

सर्पगंधाचं मूळ वैद्यांच्या वापरात शतकानुशतकं होतं. साप चावल्यावर, वेड लागल्यावर, झोप येत नसेल तर. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की हे मूळ वाढलेला रक्तदाबही उतरवतं. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी या मुळातली द्रव्यं वेगळी काढत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खानांवरून ‘अजमलीन’ नाव दिलं. हिमालया कंपनीची ‘सर्पिना’ ही गोळी १९३४ पासून बाजारात होती. पण जगाने ऐकलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. वकील हृदयरोगतज्ज्ञ. वर्षानुवर्षं रुग्णांना सर्पगंधा देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ला निबंध पाठवला. तो छापून आला आणि तोवर आपल्याकडचं झाडपाल्याचं औषध म्हणून दुर्लक्षित राहिलेलं मूळ बोस्टनपासून बाझेलपर्यंत पोचलं. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते म्हणजे रेसरपीन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईच्या रुग्णांच्या वह्यांमधून निघालेली ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाही, हे मला कधीच उमगलं नाही.

आणि खरा चमत्कार अजून पुढे आहे. दाब उतरवल्याने माणूस वाचतो याचा पहिला ठोस पुरावा १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतून आला. एडवर्ड फ्रीस आणि सहकाऱ्यांनी १४३ पुरुष घेतले. सगळ्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ मध्ये. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात पक्षाघात, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होणं यांसारख्या २७ गंभीर घटना घडल्या. औषधाच्या गटात दोन. सत्तावीस आणि दोन! त्या औषधात तीन द्रव्यं होती आणि त्यांतलं एक रेसरपीन. रक्तदाबाच्या आधुनिक उपचाराचा पाया रचला गेला त्यात आपल्या मातीतलं एक मूळ गाडलेलं आहे. (तरी कोणी आता परसात सर्पगंधा लावून चावू नये. रेसरपीनने नाक चोंदतं, मन काळवंडतं, आणि त्याहून सोयीच्या गोळ्या आता आहेत.)

त्या सोयीच्या गोळ्या कोणत्या, हे समजून घ्यायला शेतातली मोटर पुरेशी आहे. पाइपातला दाब तीन गोष्टींवर ठरतो. मोटर किती जोरात चालते, पाइप किती अरुंद आहे आणि आत पाणी किती आहे. हृदय ही मोटर, धमन्या हा पाइप, आणि पाणी किती ठेवायचं ते मूत्रपिंड मिठाच्या हिशेबाने ठरवतं. बीपीच्या गोळ्यांची सगळी कुळं या तिघांपैकी कुणाला तरी गाठतात.

पाणी कमी करणारं कूळ थायझाइडचं. त्याचा जन्म अपघाताने झाला. जंतूंवर दिलं जाणारं सल्फा औषध घेतल्यावर लघवीतून सोडियम जास्त जातो, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. तो दुष्परिणामच कामाला लावावा म्हणून मर्क कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी रेणूत फेरफार केले आणि १९५७ च्या सुमारास क्लोरोथायझाइड तयार झालं. आजची हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही त्याचीच भावंडं. ही गोळी मूत्रपिंडाच्या नळीच्या एका छोट्या भागात मिठाची परतीची वाट अडवते, एवढंच. पहिल्या काही आठवड्यांत मीठपाणी उतरतं म्हणून दाब उतरतो. पुढे शरीर पाण्याचा हिशेब पुन्हा जुळवतं, पण दाब खालीच राहतो, कारण धमन्याही सैल होतात. त्या नेमक्या का सैल होतात, यावर शास्त्रज्ञ साठ वर्षं डोकं खाजवत आहेत.

मोटर हळू करणारं कूळ बीटा-ब्लॉकरांचं. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलं. आपल्याकडे अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल जास्त चालतात. हृदयाचा झटका येऊन गेला असेल किंवा ठोके अनियमित असतील तर यांना तोड नाही. पण नुसत्या बीपीसाठी आता ती पहिल्या रांगेत नाहीत. २००२ च्या एका मोठ्या चाचणीत अ‍ॅटेनोलॉलपेक्षा लोसार्टन घेणाऱ्यांना पक्षाघात कमी झाला.

पाइप रुंद करणारं कूळ अ‍ॅम्लोडिपिनचं. धमनीच्या भिंतीत गुळगुळीत स्नायू असतो. त्यात कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. ही गोळी कॅल्शियमचं दार अडवते. फ्रायबुर्गच्या अल्ब्रेख्त फ्लेकनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात हे तत्त्व उलगडलं. अ‍ॅम्लोडिपिनचा मोठा गुण म्हणजे ती शरीरात रेंगाळते. निम्मी व्हायलाच तिला तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळे एखाद्या दिवशी कापूस वेचायच्या गडबडीत गोळी राहिली तरी दाब एकदम उसळत नाही. अवगुण म्हणजे घोट्यांना येणारी सूज. बायांना ती जास्त जाणवते आणि ‘गोळी अंगावर आली’ म्हणून त्या बंद करतात.

आता विष. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, आपल्या घोणशीच्या कुळातला. तो चावला की माणसाचा दाब धाडकन कोसळतो. विषाने असं का व्हावं, हे शोधायला रोशा ई सिल्वा यांच्या प्रयोगशाळेने हात घातला आणि १९४९ मध्ये ब्रॅडीकिनिन हे धमन्या सैल करणारं द्रव्य हाती लागलं. त्यांचे शिष्य सेर्जिओ फरेरा यांना १९६५ मध्ये कळलं की विषातला एक अंश या ब्रॅडीकिनिनला मोडू देत नाही. तो घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्याकडे गेले. तिथे दिसलं की हाच अंश आणखी एक गोष्ट करतो. मूत्रपिंडाच्या इशाऱ्याने रक्तात अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते धमन्यांना ‘आवळा’ आणि शरीराला ‘मीठ धरून ठेवा’ असा हुकूम देतं. विषाचा अंश तो हुकूम तयार करणाऱ्या विकरालाच गप्प बसवतो. पण विषातलं द्रव्य टोचून द्यावं लागे, गिळून चालत नसे. अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओन्देत्ती यांनी त्याच्या जागी प्रयोगशाळेत एक छोटासा रेणू घडवला, कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये तो अमेरिकेत मान्य झाला. पुढे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल आली. त्यांत विषाचा कणही नाही, फक्त सापाची अक्कल आहे. मात्र ब्रॅडीकिनिन मोडायचं थांबलं की काही जणांना कोरडा खोकला लागतो, आणि आपल्याकडे तो युरोपीय लोकांपेक्षा जास्त दिसतो. त्यावर तोड म्हणून १९९५ मध्ये लोसार्टन आलं, नंतर टेल्मिसार्टन. ही सार्टन मंडळी हुकूम तयार होऊ देतात, पण पोचू देत नाहीत. खोकला जवळजवळ नाही.

मूळ, विष, सल्फाचा दुष्परिणाम. इतक्या लांबून लांबून आलेली ही कुळं एकमेकांशी भिडवली तर जिंकतं कोण? २००२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ऑलहॅट या चाचणीचा निकाल लागला. ३३,३५७ माणसं आणि तीन औषधं: जुनी स्वस्त क्लोरथॅलिडोन, नवी अ‍ॅम्लोडिपिन, नवी लिसिनोप्रिल. हृदयविकाराचा झटका रोखण्यात तिघांची बरोबरी. हृदय निकामी होण्यापासून वाचवण्यात जुनी स्वस्त गोळी पुढे. डॉक्साझोसीन नावाचं चौथं औषधही या शर्यतीत होतं. त्याने हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून ती तुकडी २००० मध्येच थांबवली. दाब तर उतरत होता! आकडा उतरवणं आणि माणूस वाचवणं या दोन गोष्टी दर वेळी एक नसतात, हे या तुकडीने दाखवलं. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन तुल्यबळ ठरली. दोन्ही सोबत दिल्यावर मात्र फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा त्रास वाढला.

आपल्या मातीवरची लढत २०२४ मध्ये छापून आली. ‘टॉपस्पिन’ तिचं नाव. भारतातल्या ३२ केंद्रांवर १,९८१ रुग्णांना अ‍ॅम्लोडिपिन, पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड यांच्या तीन जोड्यांपैकी एक जोडी एकाच गोळीत दिली. सहा महिन्यांनी चोवीस तासांचं मोजमाप केलं. तिन्ही गटांत वरचा आकडा सरासरी सुमारे १४ ने आणि खालचा सुमारे ८ ने उतरला. तिन्ही जोड्या सारख्या. भारतीयांना अमुकच कूळ मानवतं, हा जो समज होता त्याला यात आधार मिळाला नाही. जवळपास सत्तर टक्के रुग्ण १४०/९० च्या खाली आले.

याहून मला अचंब्याचं वाटतं ते मात्रेचं गणित. शेकडो चाचण्या एकत्र करून पाहिलं तर दिसतं की निम्म्या मात्रेची गोळी पूर्ण मात्रेच्या ऐंशी टक्के काम करते. दुष्परिणाम मात्र बहुतेक कुळांत मात्रेबरोबर वाढत जातात. म्हणजे एकाच गोळीची मात्रा दुप्पट केल्याने दाब आणखी जेवढा उतरतो, त्याच्या सुमारे पाचपट तो दुसऱ्या कुळाची गोळी जोडल्याने उतरतो. ‘डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, म्हणजे माझं दुखणं वाढलं’ असं वाटणाऱ्यांनी हे गणित एकदा डोळ्यांखालून घालावं. दोन छोट्या बऱ्याचदा एका मोठ्या गोळीपेक्षा सौम्य असतात.

सरकारी दवाखान्यातली पद्धत याच पुराव्यांवर उभी आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात विदर्भातले वर्धा आणि भंडारा हे सुरुवातीच्या जिल्ह्यांत होते. नियम साधा: दोन-तीनच औषधं, ठरलेल्या मात्रा, ठरलेल्या पायऱ्या. साधारणपणे अ‍ॅम्लोडिपिनने सुरुवात, आकडा उतरला नाही तर टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. यात डॉक्टरची हुशारी कुठे राहिली, असं शहरातले काही विचारतात. पण औषधं थोडी असली की साठा संपत नाही आणि परिचारिकेलाही पुढची पायरी ठाऊक असते. तीस दिवसांच्या गोळ्या एकदम मिळाल्या की मजुराची दर आठवड्याची रोजी बुडत नाही. वीस औषधांतून सर्वोत्तम शोधण्यापेक्षा तीन चांगली औषधं न चुकता मिळणं मोलाचं, या मताचा मी आहे.

तरीही माणसागणिक निवड बदलते. पोटुशी बाईला किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेलीला प्रिल आणि सार्टन चालत नाहीत, गर्भाला अपाय होतो. तिच्यासाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा असतात. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर प्रिल किंवा सार्टनला पहिला मान. दम्याच्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर देताना डॉक्टर दहादा विचार करतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना शेतात राबणाऱ्याला थायझाइड असेल आणि चक्कर, गळाठा जाणवला तर दवाखान्यात सांगायलाच हवं. आणि एक धोका गावोगावी आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अंग दुखतं म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी दाब वाढवते. सार्टन आणि थायझाइडसोबत ती घेतली तर मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. ज्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची आधीच एवढी चर्चा आहे, तिथे तरी हे दुकानाच्या काउंटरवर लिहून लावावं.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा वादही मिटला आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये छापलेल्या चाचणीत काहीच फरक आढळला नाही. जी वेळ लक्षात राहते ती बरी.

घरातल्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं आज एकदा बाहेर काढा आणि कंपनीचं मोठं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचा. शेवटी ‘-डिपिन’ असेल तर ती पाइप रुंद करणारी, ‘-ओलॉल’ असेल तर मोटर हळू करणारी, ‘-प्रिल’ आणि ‘-सार्टन’ हुकूम अडवणाऱ्या. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून आलेल्या दोन पाकिटांवर शेवट एकच निघाला, किंवा एकीवर प्रिल आणि दुसरीवर सार्टन दिसलं, तर दोन्ही पाकिटं घेऊन दवाखान्यात जा आणि विचारा. स्वतःच्या मनाने कुठलीच बंद करू नका.